गुहागरची पुळण, मावळतीचा उजेड आणि बारा फोटो

“आज गाज कुठून येत होती गो?” आत्याने भाजी निवडता निवडता विचारलं.

मी नुकतीच समुद्रावरून आले होते. पायांना वाळू, खांद्यावर ट्रायपॉड, कार्डात तीनशे बेचाळीस फोटो. दीड तास पाण्यापासून वीस पावलांवर उभी होते आणि समुद्राचा आवाज कुठल्या अंगाने येत होता, ते मला सांगता येईना. आत्याचं घर गुहागरात, खालचा पाट नावाच्या वस्तीत. मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू. तिला गाज घरात बसून कळते. मला समुद्रावर उभं राहून कळली नव्हती.

त्या तीनशे बेचाळीसांपैकी ठेवण्याजोगे निघाले दोन. त्यातला एक चुकून आलेला.

तेव्हापासून मी पद्धत बदलली, ती इथे क्रमाने लिहिते आहे. घालमेल कॅमेऱ्यामुळे होते असं मला आधी वाटायचं. खरं कारण वेगळं होतं. इथे उभी राहू की तिकडे, फोटो आडवा की उभा, लेन्स बदलू का, हे सगळं मी सूर्य पाण्याला टेकलेला असताना ठरवत बसायचे. ही ठरवाठरवी आधी उरकली की शेवटच्या मिनिटांत करायला काही उरत नाही, आणि तेच तर हवं असतं. खाली लिहिलेलं फोन आणि कॅमेरा दोघांनाही लागू आहे. जिथे फरक आहे तिथे सांगते.

आधी पंचांग उघडा

सूर्यास्ताची वेळ सगळे बघतात, भरतीची फार थोडे. मावळतीचा फोटो अर्धा आकाशात असतो आणि अर्धा पायाखालच्या वाळूत. ओहोटीच्या वेळी पाणी मागे सरतं, उतारावर पाण्याचा पातळ थर मागे राहतो आणि पुळणीचा आरसा होतो. भरतीला तीच पुळण अरुंद, कोरडी आणि पावलांनी तुडवलेली असते.

कोकणात यासाठी सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे हिवाळ्यात ऐन मावळतीला पाणी वाडीच्या कुंपणाकडे धावत असतं. त्या दिवशी आरसा मिळणार नाही, लाटांचे तुषार मिळतील. पौर्णिमा-अमावास्या पंधरावी तिथी, तेव्हा सव्वाअकराच्या पुढेमागे भरती, म्हणून ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पाण्यातून किंवा खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, जायचं असेल तर त्या दिवसाचं छापील वेळापत्रकच पाहा. पण महिनाभर आधी बेत आखायला पाऊणपट पुरते.

माझी आवडती तिथी द्वितीया. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे ओहोटी साडेसातच्या सुमारास. मावळतीच्या वेळी पाणी अजून मागे चाललेलं असतं, आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नुकतंच होऊन गेल्यामुळे ते लांबवर जातं. शुद्ध द्वितीया असेल तर आणखी एक लाभ: सूर्य बुडाल्यावर पश्चिमेलाच बीजेची कोर दिसते. भाऊबीज ही कार्तिकातली शुद्ध द्वितीया. दिवाळीला माणसं घरी असतात, पावसाने हवा धुतलेली असते आणि समुद्र संध्याकाळी आरसा मांडून बसलेला असतो. ओवाळणी जरा लवकर उरकून घ्यायची, एवढंच.

ऋतूचं गणित

पाऊस ओसरल्यावरचा काळ, सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर, सगळ्यात चांगला. ढग असतात पण फुटके, हवा स्वच्छ. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असतं म्हणून लोक खूश होतात, पण क्षितिजाजवळ धूसर पट्टा साचतो आणि पुष्कळदा सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच त्या पट्ट्यात विरून जातो. असं झालं तर निराश होऊ नका. तो पट्टाच उजेड इतका मऊ करतो की सूर्याची गोल कड फोटोत अखंड येते. जून ते ऑगस्ट मी पाण्याजवळ ट्रायपॉड लावतच नाही. त्या दिवसांत सुरूच्या बनातून बघायचं.

सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही हे शाळेत शिकतो आणि फोटो काढताना विसरतो. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस तो ठीक पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला बुडतो आणि जूनच्या अखेरीस तेवढाच उत्तरेला. हात लांब करून पंजा ताणला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सुमारे २० अंश भरतात, म्हणजे वर्षभराची ये-जा अडीच पंजांची. मागच्या वर्षी मे महिन्यात जो डोंगर सूर्याशेजारी होता, तो दिवाळीत नसणार. वेळही हलते: रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास.

निघताना

बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं. लेन्स एकच. दुसरी घरी ठेवायची, कारण वाऱ्यात वाळू उडते आणि पुळणीवर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला मीठ चाखवणं. लेन्स पुसायला दोन सुती फडकी, एक ओलं झालं तर दुसरं. टॉर्च. पाण्याची बाटली. फोनने फोटो काढणार असाल तर तो विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन सोनेरी उजेडात कर्जवाल्यांचा फोन येतो.

आणि आकडा ठरवा. मी बारा ठरवते. जुन्या १२० नंबरच्या रोलवर चौकोनी फोटो बाराच निघायचे आणि लग्नंसुद्धा त्यात बसायची. बाराचा आकडा काही पवित्र नाही, तुम्ही वीस घ्या. पण तो घरून निघताना ठरलेला असावा. समोर रंग पेटल्यावर माणूस स्वतःशीच घासाघीस करतो.

पहिली वीस मिनिटं बॅग उघडायची नाही

सगळ्यात अवघड पायरी हीच. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा आणि बॅग खांद्यावरच ठेवून चालायला लागा. गुहागरची पुळण लांब आणि सरळ आहे, दक्षिण टोकाला असगोलीच्या बाजूला होड्या ओढून ठेवलेल्या असतात. बाजारपेठेच्या रस्त्याने जिथे सगळे उतरतात तिथून दहा मिनिटं कुठल्याही दिशेला चाला, गर्दी संपते.

चालताना डोळे खाली. ओहोटीच्या ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसेल. मधोमध एक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या पसरलेल्या गोळ्यांच्या ओळी. हे बारीक कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं काम. वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं वेचायचं आणि उरलेली गोळी करून मागे टाकायची. तुम्ही चालत आलात की सगळे भोकात गडप. पण उकिडवं बसून दोन मिनिटं हाललं नाही तर आधी एक बाहेर येतो, मग त्याच्या शेजारचा, आणि मग तुमच्या चपलेपासून हातभर अंतरावर पुन्हा गोळ्या वळायला लागतात. मी मुद्दाम हे करते. दोन मिनिटं न हलता बसणं एरवी मला जमत नाही. कुर्ल्यांना बघायचं असलं की जमतं. रांगोळी पुढच्या भरतीला पुसली जाते, तेव्हा हवी तर बारातला एक फोटो तिच्यावर खर्च करा. तिरप्या उजेडात प्रत्येक गोळीची सावली पडते.

मग उभं राहून डोळे मिटा आणि गाज ऐका. जवळच्या लाटेचा आवाज आणि गाज वेगळी असते. लाट फुटते, पसरते, सळसळत मागे जाते. गाज तिच्यामागे, खालच्या पट्टीत, न थांबता चालू असते. ती उजवीकडून जास्त येते की डावीकडून, ते ठरवायचा प्रयत्न करा. कान असे कामाला लागले की डोक्यातली बाकीची बडबड जरा मागे हटते. ध्यान वगैरे मोठा शब्द मी याला वापरणार नाही. आत्या विचारते म्हणून ऐकते.

या फेरीतच जागा ठरवायची. दोन गोष्टी बघा: फोटोत पुढ्यात काय येणार (होडी, खडक, ओहोळाची वळणदार रेघ), आणि सूर्य जिथे बुडेल त्याच्याशी ती वस्तू कशी जुळते. पाण्याच्या कडेपासून किती वर उभं राहायचं, तेही इथेच ठरतं. जागा ठरली की पायाने वाळूत फुली मारा आणि तिथून हलायचं नाही. शेजारचा माणूस पळत दुसरीकडे गेला तरी.

एक इशारा. खडपावर जागा धरणार असाल तर समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका आणि शेवाळलेल्या हिरव्या दगडावर पाय देऊ नका. इथून जवळ हेदवीला बामणघळ आहे, खडकातली अरुंद चीर, भरतीचं पाणी तिच्यात घुसलं की कारंज्यासारखं उसळतं. लांबून बघायची ती गोष्ट आहे. तिच्या काठावर फोन घेऊन वाकलेली माणसं मी पाहिली आहेत आणि माझ्याच पोटात गोळा आला आहे.

बोटांचं घड्याळ

वेळ बघायला फोन काढू नका. हात पूर्ण लांब करून बोटं आडवी धरा, करंगळी क्षितिजावर. एका बोटाला पंधरा मिनिटं असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. उत्तरेकडच्या देशांत, जिथे सूर्य तिरपा घसरत खाली जातो, तिथे ते जुळत असेल. कोकणात तो जवळजवळ सरळ खाली येतो, म्हणून माझ्या हाताने एका बोटाला आठ-नऊ मिनिटं, चार बोटांना साधारण अर्धा तास. तुमचा हात वेगळा. एकदा घड्याळ लावून मोजून ठेवा, जन्मभर पुरेल. उंच सूर्याकडे टक लावायची नाही, हाताच्या आडोशाने अंदाज घ्यायचा. मोठी लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याच्या काचेच्या भिंगातून तर सूर्य मुळीच बघायचा नाही, डोळा जातो. मागच्या स्क्रीनवर बघा.

सेटिंग एकदाच

चार बोटं उरली की बॅग उघडा. सगळं आत्ताच ठरवून टाका.

फोनवर: आधी लेन्स पुसा, खाऱ्या वाऱ्याचा थर दहा मिनिटांत बसतो आणि सूर्याभोवती धुरकट वलय येतं. ग्रिड चालू करा म्हणजे क्षितिज सरळ राहील. वाकडं क्षितिज असलेल्या फोटोत समुद्र एका बाजूने सांडतो आहे असं वाटत राहतं. मग सूर्यावर न धरता सूर्याच्या बाजूच्या उजळ आकाशावर बोट दाबून धरा, उजेड आणि फोकस दोन्ही अडकून बसतात. आता उजेडाची पट्टी खाली ओढा, पडद्यावर जरा अंधारं वाटेल इतकी. रंग तिथे असतात. झूम करू नका.

कॅमेऱ्यावर: अपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो), छिद्र एफ/८ किंवा एफ/११, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १००, एक्सपोजर एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा तांबूसपणा ही चूक समजून दुरुस्त करायला बघतो. डेलाइट किंवा क्लाउडी धरा. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून बसवा, नाहीतर पहिली लाट पायाखालची वाळू खणून नेते आणि तो हळूच कलतो. माझा नुसता कलला नाही, आडवाच झाला. सुदैवाने कॅमेरा तेव्हा हातात होता.

फोनमध्ये सूर्य एवढासा का येतो, असं सगळे विचारतात. सूर्य आकाशात फक्त अर्ध्या अंशाचा आहे, लांब केलेल्या हाताच्या करंगळीच्या नखाआडसुद्धा आरामात लपतो. डोळा त्याला मोठा मानतो, लेन्स मानत नाही. २०० मिलिमीटरच्या लेन्सनेही फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात तो चौकटीच्या रुंदीचा जेमतेम विसावा भाग होतो. फोनच्या साध्या लेन्सने तर मणीच. तेव्हा फोनवाल्यांनी सूर्याचा नाद सोडून वाळूतल्या उजेडाकडे वळावं. खरं तर कॅमेरावाल्यांनीही.

लाट मोजून बटण

आता बारा फोटो. यांच्यात मी एक नियम पाळते: तीन लाटा बघायच्या, चौथीला बटण.

पहिली लाट नुसती बघा, ती कुठवर येते आणि तिची फेसाची कड कुठे थांबते. दुसरीला सेकंद मोजा, फुटण्यापासून मागे फिरेपर्यंत. कधी आठ भरतात, कधी बारा. तिसरीबरोबर श्वास: लाट वर येताना आत, मागे जाताना बाहेर. लाट आपल्यापेक्षा सावकाश असते, श्वास आपोआप लांबतो. ओढूनताणून लांबवू नका, चक्कर येईल. चौथी लाट आली, पसरली, आणि परत फिरायला लागली की लगेच एक क्षण येतो. फेसाची जाळी मागे ओढली जाते, तिच्याखाली उघडी पडलेली वाळू क्षणभर लखलखते आणि आकाश जसंच्या तसं खाली उतरतं. दीड-दोन सेकंदांत पाणी वाळूत जिरतं आणि चकाकी मंदावते. बटण त्या दीड सेकंदात. श्वास सोडत असतानाच दाबायचं, हातही तेव्हाच स्थिर असतो.

चुकलं तर चुकलं. पुन्हा तीन लाटा. या हिशेबाने एका फोटोला अर्धा-पाऊण मिनिट सहज जातं आणि बारा फोटोंमध्ये घाई उरत नाही. मध्ये स्क्रीनवर मागचे फोटो बघत बसू नका. बघायला मान खाली गेली की समोरची लाट गेली.

फेसाच्या लांब रेघा हव्या असतील तर पाव सेकंद ते एक सेकंद शटर लागतं. सूर्य असताना त्यासाठी लेन्सवर उजेड अडवणारी काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर हवा. नसेल तर थांबा, सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांनी उजेडच इतका उतरतो की एफ/११ ला शटर आपसूक मंदावतं.

टेकला की हात खाली

सूर्याची खालची कड पाण्याला लागली की कॅमेरा सोडा. बारामधले उरले असले तरी.

टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. एवढ्या वेळात हजारो माणसं हजारो वेळा तोच फोटो काढतात आणि तो तुमच्या गॅलरीत आधीच पडलेला आहे. नुसतं बघा. सूर्य गोल राहात नाही, वरून-खालून दाबल्यासारखा चपटतो. कधी खालून ओघळून त्याचा घट होतो. क्षितिजाजवळची हवा किरण वाकवते, त्याचा हा खेळ. ती वाकवणूक इतकी असते की खालची कड पाण्याला टेकलेली आपल्याला दिसते, तेव्हा प्रत्यक्ष सूर्य क्षितिजाखाली जाऊन चुकलेला असतो. जे बघतो आहोत ते गेलेल्याचं बिंब. हे कळल्यापासून माझी त्याला पकडायची धडपडच गेली. ठिपका उरतो, तोही जातो. हवा फार स्वच्छ असेल तर शेवटच्या क्षणी ठिपका हिरवा होतो म्हणतात ते खरं आहे, पण मला अजून दिसलेला नाही.

लोक परततात तेव्हा

सूर्य बुडाला की टाळ्या, मग गाड्या सुरू झाल्याचे आवाज. तुम्ही थांबा. पुढच्या दहा ते वीस मिनिटांत वरचे ढग खालून पेटतात, कारण आपल्याला न दिसणारा उजेड त्यांच्यापर्यंत अजून पोचत असतो. उरलेले फोटो आता. फोनमध्ये मघाशी अडकवलेला उजेड आणि फोकस सोडवून नव्याने धरा, कॅमेऱ्याला ट्रायपॉड लागेल. आधी तांबडा, मग जांभळा, मग निळा. ढग नसले तर हे नाट्य होत नाही, नुसता फिकट नारिंगी पट्टा निवत जातो. तोही वाईट नाही. पूर्वेला एकदा मान वळवून बघा, सुरूच्या शेंड्यांवर काय चाललं आहे ते. पौर्णिमा असेल तर चंद्र तिकडून वर येत असतो, आणि त्या दिवशी भरतीही सुरू झालेली असते, तेव्हा बॅग वर ठेवा.

घरी आल्यावर

ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा. सांध्यात वाळू राहिली तर पुढच्या वेळी ते करकरतात, मीठ राहिलं तर स्क्रू गंजतात. कॅमेरा मात्र धुवायचा नाही, किंचित ओल्या फडक्याने पुसून मग कोरड्याने. फोनच्या चार्जिंगच्या भोकात ओल असेल तर रात्री चार्जिंगला लावू नका.

फोटो त्याच रात्री बघू नका. दोन दिवस जाऊ द्या. लगेच बघितलं की समुद्रावर जे वाटलं ते आणि स्क्रीनवर जे आलं ते, यांची तुलना सुरू होते आणि फोटो हरतो. दोन दिवसांनी बारातून तीन निवडा, बाकीचे पुसून टाका. क्षितिज सरळ करा, सावल्या उघडू नका, लाल रंग वाढवायच्या पट्टीला हात लावू नका.

मागच्या द्वितीयेला मी अकराच काढले. बाराव्याच्या वेळी एक कुर्ली बाहेर आली होती. आणि गाज उत्तरेकडून होती, आत्याला सांगितलं तर म्हणाली, “हो, मघाशी तिकडूनच होती, आता फिरली.” मी ओट्यावर बसून ट्रायपॉडच्या सांध्यातली वाळू काडीने काढत होते. ऐकलं. खरंच फिरली होती.